मांडी घालून बसा, आता उकिडवे बसा

आमच्या वडगाव रासाईकडं संडासवाटे रक्त जायला लागलं की माणूस डॉक्टरच्या आधी स्वतःच निदान करून मोकळा होतो: मूळव्याध. मग तिखट बंद, सुरणाची भाजी सुरू, कुणाच्या तरी मेहुण्याला गुण आलेली पुडी, आणि रस्त्याकडेच्या पाटीवरचा ‘हमखास इलाज’. यात सहा-आठ महिने सहज निघून जातात. बाईमाणूस असेल तर त्याहून जास्त, कारण सासरी ही गोष्ट बोलायची कुणाजवळ? शेवटी वजन उतरतं, अंगातलं रक्त कमी होतं, चालताना दम लागतो आणि तेव्हा कुठं पुण्याची वाट धरली जाते.

मी याच गावची माहेरवाशीण. भीमेच्या अलीकडं आमचा शिरूर तालुका, पलीकडं दौंड, दोन्ही काठांना ऊस. पुण्यात कर्करोगाच्या विभागात नर्स आहे आणि मोठ्या आतड्याचे, त्यातही गुदाशयाचे रुग्ण हे माझं रोजचं काम. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपल्याकडं हा कर्करोग कमी. पण जे येतात त्यांत गुदाशयाचे बरेच असतात आणि वयानं तरुणही बरेच. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची सरकारी तपासणी मोहीम गावापर्यंत पोचते. आतड्याचं नाव त्या यादीत नाही. गुदाशयातली खालच्या भागातली गाठ डॉक्टरच्या हातमोज्यातल्या बोटाला लागू शकते. दोन मिनिटांची तपासणी, पैसे जवळजवळ शून्य. ती होत नाही याला यंत्रांची टंचाई कारण नाही. रुग्णाला सांगायची लाज आणि डॉक्टरला तपासायचा संकोच, एवढंच.

म्हणून माझं काम सलाईन लावण्याच्या बरंच आधी सुरू होतं. लोकांना बोलतं करावं लागतं. ‘जुलाब होतात का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. ‘दिवसातनं किती वेळा जाऊन येता? जाऊन आल्यावर पुन्हा जावंसं वाटतं का? रात्री उठावं लागतं का?’ असं विचारलं की बांध फुटतो. सुना सांगतात, सासरे ऐकत नाहीत. सासरे सांगतात, सूनबाईंना बाहेर पाठवा, मग बोलतो.

गुदाशयाची गाठ अगदी खाली असेल तर गुदद्वारासकट काढावी लागते आणि पोटावर शौचाला कायमची वाट करून द्यावी लागते. लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी ही शस्त्रक्रिया १९०८ साली मांडली. गाठ थोडी वर असेल तर आतडं पुन्हा जोडता येतं, मात्र जोड भरून येईपर्यंत काही महिने लहान आतड्याची तात्पुरती वाट पोटावर काढतात. दोन्ही वाटांना आम्ही स्टोमा म्हणतो. ही वाट पोटावर नेमकी कुठं काढायची याची खूण शस्त्रक्रियेच्या आधी प्रशिक्षित नर्स करते, आणि माझ्या मते आमच्या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं काम हेच.

मार्कर हातात घेऊन मी रुग्णाला आधी आडवं करते, मग बसवते, उभं करते, वाकायला लावते. परदेशी पुस्तकं इथं थांबतात, कारण ती खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी लिहिलेली आहेत. आपला माणूस पंगतीत मांडी घालतो, खुरपताना उकिडवा बसतो, धार काढताना गुडघे पोटाशी घेतो. दर वेळी पोटाला वेगळ्या जागी वळी पडते. पिशवीची चकती चिकटायला सपाट कातडी लागते. खूण वळीत गेली की पिशवी गळणार म्हणजे गळणार. म्हणून मी म्हणते, मांडी घालून बसा, आता उकिडवे बसा. मग विचारते, लेंग्याची नाडी कुठं बांधता? नऊवारीच्या निऱ्या कुठं खोचता? मावशी, कळशी कुठल्या कडेवर घेता? शिवाय खूण स्वतःच्या डोळ्यांना दिसली पाहिजे, नाहीतर पिशवी बदलायला जन्मभर दुसऱ्याचा हात लागेल. एकदा एक आजोबा वैतागून म्हणाले, “सिस्टर, आपरेशन करायचंय का कवायत?” मी म्हटलं, आज कवायत करा, म्हणजे पुढं देवळात बिनघोर बसाल.

ही पिशवीसुद्धा एका नर्सच्याच डोक्यातून आलेली. डेन्मार्कच्या एलिसे सोरेनसन यांच्या बहिणीला, थोराला, १९५४ मध्ये स्टोमा झाला आणि गळतीच्या धास्तीनं तिनं घराबाहेर पडणं सोडलं. एलिसेंनी कातडीला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी कल्पिली आणि ती बनवून देणारा कारखानदार शोधला. त्याची बायकोही नर्स होती. तिनंच नवऱ्याच्या मागं लागून हे काम घ्यायला लावलं म्हणतात. अमेरिकेत नॉर्मा गिल या तर स्वतः स्टोमा असलेल्या बाई, क्लीव्हलंडच्या डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये त्यांना इतर रुग्णांना शिकवायच्या कामावर घेतलं, त्यातून आमच्या शाखेचं शिक्षण उभं राहिलं. आपल्याकडंही मुंबईच्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियात स्टोमा असलेली माणसंच नव्या रुग्णांना धीर देतात. ते जे सांगतात ते माझ्या दहा वेळा सांगण्यानं होत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा पोटाकडं बघायला कुणीच तयार नसतं. मी बळजबरी करत नाही, पण आरसा जवळ ठेवते. स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर असावा, त्याला हात लावला तरी दुखत नाही. निळा-काळा पडला तर तडक कळवायचं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. उन्हाळ्यात घामानं चकती लवकर सुटते, तेव्हा बदलायचे दिवस कमी धरायचे. लहान आतड्याची वाट असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही भराभर बाहेर जातं. अशा वेळी नुसतं पाणी ढोसून भागत नाही, ओआरएस लागतं. भात, केळं, साबुदाणा यांनी पातळपणा आवरतो. मक्याचं कणीस आणि शेंगदाणे सुरुवातीला बंद. बाजरीच्या भाकरीवाचून ज्याचं पोट भरत नाही त्याला काही आठवडे भातावर राहा म्हणणं ही त्याला मोठी शिक्षा वाटते, हे मला घरच्या अनुभवानं ठाऊक आहे.

खर्चाचं एक सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन बऱ्याच अंशी बसतं. कागदपत्रं घेऊन आरोग्यमित्राकडं आधी जायचं. पण पुढं महिनोन्महिने लागणाऱ्या पिशव्या बहुतेकांना खिशातूनच घ्याव्या लागतात. मग लोक एकच पिशवी धुऊन धुऊन वापरतात, कातडी सोलवटते आणि माणूस घरात कोंडून घेतो. मोठ्या शस्त्रक्रियेला पैसे मिळतात, पिशवीला मिळत नाहीत. हा हिशेब मला आजवर पटलेला नाही.

केमोचं गणितही शेताच्या बांधावर जाऊन मांडावं लागतं. ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधानं गारठा सोसत नाही. गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो, गार तांब्या धरला की बोटांत मुंग्या. शहरातल्या रुग्णाला ‘फ्रिजमधलं घेऊ नका’ एवढं सांगून चालतं. आमच्याकडं शेतीची लाईट पाळीनं रात्री येते आणि जानेवारीतल्या थंडीत दारं धरायला उसात उतरावं लागतं. बिबट्याची भीती वेगळीच. म्हणून केमोच्या आधीच मी विचारते, तुमच्या पाळीला दुसरं कोण जाईल? डोस वाढत गेले की पायांची जाणीव बोथट होते, मग वहाण निसटली तरी कळत नाही आणि काटा मोडला तरी कळत नाही. शर्टचं बटण लागतं का, सुईत दोरा ओवता येतो का, हे मी दर फेरीला विचारते आणि डॉक्टरांना सांगते. औषध कमी करायचं की थांबवायचं हे ते त्यावरून ठरवतात.

त्याच्या जोडीची कॅपेसिटाबिनची गोळी साधारण 14 दिवस दोन्ही वेळा, जेवणानंतर अर्ध्या तासात, मग 7 दिवस सुट्टी. ‘घरीच घ्यायची गोळी’ म्हटलं की लोकांना ती सौम्य वाटते. पण तिनं तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. भाकरी थापणाऱ्या आणि खुरपं धरणाऱ्या हातांना ते फार जाचतं. जुलाब वाढले तर गोळी थांबवून फोन करायचा. कोर्स अर्धवट राहील म्हणून दामटून घ्यायची नाही. आणि केमोच्या दिवसांत कणकण वाटली की थर्मामीटर लावायचा. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर गावात इंजेक्शन घेऊन झोपायचं नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. पांढऱ्या पेशी कमी असताना एका रात्रीत माणूस हाताबाहेर जातो.

तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडवरून जाते, त्यामुळं आषाढाच्या आधी मला हमखास एक प्रश्न येतो: पिशवी लावून वारीला गेलं तर चालेल का? नवरात्रात आमच्या गावच्या रासाईदेवीच्या देवळात जायचं का, हाही त्याचाच भाऊ. जखम भरली असेल आणि डॉक्टर हो म्हणाले असतील तर खुशाल जा. जास्तीच्या पिशव्या आधीच भोक कापून घ्या, ओआरएसच्या पुड्या घ्या, डोक्यावर ओझं घेऊ नका. सोवळ्याओवळ्याचं विचाराल तर पोटातलं जे सगळ्यांच्या पोटात असतं तेच तुमच्या पिशवीत आहे.

रुग्ण बरा होऊन घरी गेला की मी त्याच्या भावंडांमागं लागते. निदानाच्या वेळी रुग्णाचं वय 44 असेल तर सख्ख्या भावा-बहिणींनी आणि मुलांनी 34 व्या वर्षापासून कोलोनोस्कोपी करून घ्यावी. मांडवगणच्या बाजूच्या एका रुग्णाचा धाकटा भाऊ ‘गाळप होऊ द्या, मग बघू’ म्हणत राहिला. त्याच्या बायकोनं मात्र तारीख मागून घेतली. आदल्या दिवशी काय खायचं ते मी तिलाच सांगितलं. भाकरी नाही, पालेभाजी नाही, दूध नाही. गाळलेली पेज, वरणाचं वरचं पाणी, शहाळं. आणि पोट साफ करायचं औषध पोटात गेलं की यांना उसात पाठवायचं नाही, मोटार चालू करायला तुम्ही जा.