रकान्याबाहेरचे मरण

महसूल खात्याच्या चाकरीत ज्याची उभी हयात गेली, त्याची आणि मरणाची गाठ बहुधा रकान्यातूनच पडते. अतिवृष्टी झाली, वीज कोसळली, नाल्याला पूर आला, की तलाठ्याचा अहवाल येतो, पंचांच्या समक्ष पंचनामा होतो, आणि मयत जनावर दुधाळ होते की ओढकामाचे, मोठे होते की लहान, याची नोंद होऊन मदतीची रक्कम ठरते. ज्याची गाय गेली तो शेतकरी डोक्याला हात लावून ओसरीवर बसलेला असतो आणि त्याच्याच घोंगडीवर बसून आपण त्याच्या दुःखाला अनुक्रमांक देत असतो. धुळे जिल्ह्यात, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून वेगळ्या निघालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, प्रथम कारकून व पुढे अव्वल कारकून या नात्याने मी असे पुष्कळ कागद रंगविले आहेत. २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरास बर्ड फ्ल्यू निघाला, तो या रोगाचा हिंदुस्थानातील पहिलाच प्रादुर्भाव. तेव्हा नखशिखान्त पांढरे पोशाख चढवून पशुसंवर्धन खात्याची पथके कुक्कुटपालन केंद्रांवर उतरली, खड्डे खणले गेले, आणि लाखांच्या हिशेबाने कोंबड्या मारून चुन्यासह मातीआड करण्यात आल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावी परसातल्या कोंबड्यांतही तो रोग आढळला. माझ्या वाट्याला आले होते ते तक्त्यांच्या बेरजा जुळविण्याचे काम. बेरजा जुळल्या, मी सही केली, घरी येऊन जेवलो आणि झोपलो. त्यात निष्ठुरपणा होता असे मला आजही वाटत नाही. लाखाचा आकडा पुढ्यात आला म्हणजे मनुष्याचे मन आपसूकच हिशेबनीस होते.

त्याच मला, निवृत्तीनंतर कैक वर्षांनी, जेमतेम पस्तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या एका पाखराच्या मरणाने असे काही अस्वस्थ केले की त्याची हकीकत लिहून काढल्यावाचून मला राहवेना.

माझी कन्या जळगावास दिलेली आहे. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आम्हां खानदेशी लोकांना दिवाळीच्या तोडीचा सण. सासुरवाशिणी माहेरी यायच्या, कडुनिंबाच्या फांदीला झोके बांधायचे, पोरींनी गौराईची गाणी म्हणायची आणि बाप्यांनी, खरे ते सांगायचे तर, पत्त्यांचे डाव मांडून बसायचे, असा आमचा रिवाज. तिला व नातीला आणावयास मी जळगावास गेलो, तेव्हा नातीला पूर्वीच कबूल केल्याप्रमाणे बाजारपेठेतील एका पक्ष्यांच्या दुकानात आम्ही शिरलो. तिला हवा होता राघू. परंतु आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, ही गोष्ट मी तिला समजावून सांगत असतानाच दुकानदाराने मागच्या खोलीकडे अर्थपूर्ण दृष्टिक्षेप केला, त्याकडे दुर्लक्ष करून आम्ही समोरच्या जाळीकडे वळलो. तेथे, बाजारात सरसकट लव्हबर्ड या नावाने विकले जाणारे बजरीगार पक्षी दाटीने बसले होते. हे मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले; जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये ते जिवंत इंग्लंडात नेले आणि तेथून ते जगभरच्या पिंजऱ्यांत पसरले. रानात त्यांचा रंग हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे हे सारे माणसाने निपज करून काढलेले प्रकार. नातीने हिरवे पसंत केले. त्याच्या गळ्यावर काळे ठिपके होते, म्हणून दुकानाची पायरी उतरण्यापूर्वीच त्याचे नाव टिकली असे ठरले.

ऊन चढण्यापूर्वी धुळे गाठावे म्हणून आम्ही पहाटेची पहिली एस.टी. धरली. एरंडोल मागे पडेपर्यंत नात पेंगत होती; पारोळ्याच्या स्थानकात गाडी थांबताच तिने मांडीवरच्या पुठ्ठ्याच्या पेटीच्या भोकाला डोळा लावला आणि म्हणाली, "आबा, ती माझ्याकडेच बघतेय."

धुळ्यास ओसरीच्या सावलीत पिंजरा टांगला. आत राळ्याची वाटी, पाण्याची वाटी आणि तारेत अडकविलेला समुद्रफेसाचा तुकडा. पहिल्या दिवशी टिकलीने खाल्ले. मी चष्मा पुसून पाहिले, तर ती राळ्याचा दाणा चोचीत जिभेने असा फिरवी की टरफल तेवढे बाहेर पडे आणि दाणा आत जाई, आणि वाटीत टरफलांचाच थर साचून ती भरलेली दिसे. रात्री एक पाय पोटाच्या पिसांत ओढून, मान मागे वळवून ती झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, आणि प्रत्येक श्वासागणिक तिची शेपटी खालीवर होऊ लागली. सरकारी पशुचिकित्सालयातले डॉक्टर तरुण, मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी औषधाचे थेंब दिले, पिंजरा शांत आणि हवेशीर जागी ठेवावयास सांगितले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजोबा, फार आशा धरू नका." आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे टिकली फौत झाली.

माझ्या चिरंजीवांनी तत्काळ तोड काढली. मुलगी अजून झोपेतच होती. गावातल्या दुकानातून तशाच रंगाचे दुसरे आणावे, तिला कळणारही नाही. त्यांचा हेतू चांगला होता, पण मी ठाम नकार दिला. ज्या मुलीने पारोळ्याच्या स्थानकात पेटीच्या भोकातून त्या पाखराशी दृष्टिभेट केली होती, तिच्यापुढे बनावट वारस उभा करणे हे मला मृत्युपत्रात खाडाखोड करण्याइतकेच गैर वाटले. तिला उठविले आणि जे झाले ते सांगितले.

ती फार रडली. शेजारच्या मोठी माय कुंपणापाशी येऊन विचारत्या झाल्या, "कसाले रडस, माय?" कारण कळल्यावर आमच्याकडचेच कोणी म्हणाले, की कालपरवा आणलेले पाखरू, त्याचा एवढा शोक कशाला. मोठी माय तेवढेच बोलल्या, "तो बी जीवच शे." ज्यांनी घरच्या म्हाताऱ्या बैलाला स्वतःच्या शेतात मीठ घालून पुरले आहे, त्यांना यापेक्षा अधिक बोलण्याची गरज भासली नाही.

मला मात्र त्या आक्षेपावर विचार करावा लागला. आपल्या धर्मशास्त्राने सुतकाचे दिवस नात्याच्या अंतरावर बांधले आहेत आणि लोकव्यवहाराने शोकाची मर्यादा सहवासाच्या मुदतीवर. दहा वर्षांचा कुत्रा गेला तर चार माणसे भेटावयास येतात, परवा आणलेल्या पाखरासाठी कोण येणार? परंतु जुन्या सोबत्याच्या मागे आठवणी तरी उरतात. नव्याने आणलेल्या जिवाच्या मागे उरतात ते नुसते बेत: त्याला बोटावर बसवायचे, शीळ शिकवायची, सुट्टी संपली की जळगावास नेऊन मैत्रिणींना दाखवायचे, आणि हे बेत वाढत्या वयाच्या मुलाच्या मनात किती लांबवर गेलेले असतात याचा आपणा मोठ्यांना पत्ताही नसतो. शिवाय अशा दुःखाला लाज चिकटलेली असते. मला स्वतःला गहिवर आला होता आणि तो मी वर्तमानपत्राआड झाकीत होतो.

त्याहून कठीण होता तो तिचा प्रश्न. आपण पेटीला हात लावला म्हणून, गाडीत धक्के बसले म्हणून, की रात्री तिला हाक मारली म्हणून ती मेली? डॉक्टरांनी सांगितलेले मी तिला शब्दशः सांगितले: लहान पक्षी आजार लपवितो, कारण रानात जो अशक्त दिसतो त्याच्यावर शिकारी प्रथम झडप घालतो, तो पिसे फुलवून बसलेला दिसतो तेव्हा आजार फार पुढे गेलेला असतो, तेव्हा हे दुखणे तिने बहुतकरून दुकानातूनच अंगात आणले होते. ते तिला पटले, घटकाभराने पुन्हा पटेनासे झाले. तेव्हा मी दौत-लेखणीच्या काळापासून हाती बसलेले माझे एकमेव शस्त्र बाहेर काढले. कोऱ्या कागदावर समास सोडून रीतसर पंचनामा लिहिला: मौजे धुळे, तिथी, वार, मयत पक्ष्याचे नाव व वर्णन, अंगावर जखमेची खूण नाही, पंच म्हणून मोठी माय, त्यांचा अंगठा, मृत्यूचे कारण, पूर्वीपासूनचा आजार, कोणाही व्यक्तीची हयगय चौकशीअंती आढळून येत नाही. नातीने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सवयीप्रमाणे मी "अंदाजे किंमत" असा रकाना घालून त्यात दुकानदाराने घेतलेली रक्कम लिहिली होती. तेवढी ओळ तिने माझ्या हातून लेखणी घेऊन खोडली, आणि खाली सही केली. मग जेवली.

डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे, पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांचे काही रोग माणसालाही जडतात म्हणून, पिंजरा धुऊन उन्हात टाकला, सर्वांनी साबणाने हात धुतले. परसात कण्हेरीपाशी खोल खड्डा घेऊन टिकलीला पुरले. मोठी मायनी मूठभर मीठ आणून घातले.

दुसऱ्या दिवशी आखाजी. मातीची घागर भरून तिच्यावर डांगर ठेवलेले, पानात सांजोऱ्या, आमरस, पुरणपोळी. पितरांची नावे घेऊन निखाऱ्यांवर घास ठेवावयाचे आणि वर तूप सोडावयाचे, ही आमची आगारी. माझ्या आईवडिलांची नावे झाली, धाकट्या भावाचे झाले, आणि नातीने विचारले, "आबा, टिकलीचं?" चिरंजीव हसले. सौभाग्यवतींनी मात्र काही न बोलता राळ्याची चिमूट आणून माझ्या हातावर ठेवली. मी नाव घेतले. जेथे गाईचा आणि कावळ्याचा घास ताटातून आधी निघतो, तेथे एका पाखराच्या नावाची अडचण कोणत्या शास्त्रीबुवांना व्हावी हे मला कळत नाही. कोणाला झाली असेल तर ती त्यांनी मला लेखी कळवावी.

खानदेशातील वाचकांस विनंती एवढीच. चैत्र-वैशाखात, पारा चव्वेचाळीसवर गेलेला असताना, पाखरू विकत घेऊन गावोगाव नेऊ नये. घ्यावयाचेच तर दिवाळीनंतर घ्यावे. दुकानात आधी थोडा वेळ दूर उभे राहून पाहावे, आणि ज्या जाळीत एक जरी पाखरू भर दिवसा पिसे फुलवून तळाशी बसलेले दिसेल, त्या जाळीतले कोणतेच घेऊ नये. एवढे करूनही ते गेले, तर मुलांना त्याच दिवशी खरे सांगावे, आणि दुसरे आणण्याची घाई त्यांच्यावर सोपवावी. आमच्या नातीने अद्याप ती केलेली नाही.