पत्रा की फायबर? एल्कहार्टचा लाखमोलाचा सवाल

शिकागोहून टोल रोडने पूर्वेकडे निघा. दोनेक तासांत एल्कहार्ट येतं. वाटेत इंडियानात मोबाइलचं घड्याळ गुपचूप एक तास पुढे सरकतं, तेवढं लक्षात ठेवा! गाव तसं छोटंसं. पण अमेरिकन हायवेवर गाड्यांमागून डुलत जाणारी ती चाकांवरची घरं, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर्स, बहुतांशी याच पट्ट्यात जन्माला येतात. कारखान्यांतले बरेच कामगार अमिश. स्वतः घोडागाडीतून फिरणारी ही मंडळी जगाला फिरायला घरं बनवून देतात. आहे की नाही गंमत?

इथलं आरव्ही म्युझियम चुकवू नका. 1913 सालचा ट्रेलर तिथे अजून ऐटीत उभा आहे. तो बघून बाहेर पडलं की डीलरकडे डोकवायचा मोह होतोच. ऑनसाइट जाऊन तिथेच रमलेल्या आपल्या मंडळींना तर हमखास. आणि मग सुरू होतो खरा गोंधळ: बाहेरची भिंत कशाची घ्यायची?

ऑप्शन एक, पत्रा. लाकडी सांगाड्यावर पन्हाळीदार अॅल्युमिनियम. सगळ्यांत स्वस्त. एखादी पट्टी चेपली तर तेवढीच बदलता येते. पण गारा पडल्या की पोचे ठरलेले, आणि सांध्यातून पाणी शिरलं की आतलं लाकूड कुजणार.

ऑप्शन दोन, लॅमिनेटेड फायबरग्लास. बाहेर गुळगुळीत फायबर, मागे पातळ प्लायवूड, मध्ये थर्माकोल, आणि हे सगळं अॅल्युमिनियमच्या चौकटीसकट एकमेकांना चिकटवलेलं. दिसायला एकदम झकास, धुवायला सोपं. पण खिडकीच्या कडेतून ओल आत गेली की थर सुटतात आणि भिंतीला फुगे येतात. हे दुखणं खर्चिक. अनेकदा अख्खी भिंतच उतरवावी लागते. हल्ली काही कंपन्या प्लायवूडऐवजी पाणी न पिणारं कंपोझिट वापरतात. डीलरला ते नक्की विचारा.

ऑप्शन तीन, मोल्डेड फायबर. अंड्याच्या कवचासारखे दोन अर्धे भाग, कमरेवर एकच मोठा जोड. 1968 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला ‘बोलर’ अशी निघाली. मिनेसोटातली ‘स्कॅम्प’ त्याच कुळातली. गळायला जागाच कमी, वजन हलकं आणि जुनी झाली तरी किंमत टिकून. फक्त आत दोघांनी भांडण करून चालणार नाही, जागाच नाही!

आणि चौथा, श्रीमंती थाट: ‘एअरस्ट्रीम’. ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला रिव्हेट ठोकून बनणारं चकचकीत अॅल्युमिनियम. 1936 च्या ‘क्लिपर’पासूनची ही शान. पण गारांपुढे तीही नरमते, आणि किंमत ऐकून आपण!

मुंबईत पावसाळे काढलेल्यांना एक गोष्ट सांगायला नको: घराचा शत्रू एकच, ओल. ट्रेलरचं कर्ज दहा-पंधरा वर्षं फेडायचं असतं. भिंत त्याआधीच गेली तर हप्ते कशाचे भरायचे? म्हणून सेकंडहँड घेताना भिंतीला गाल लावून तिरकं बघा, फुगवटा लगेच कळतो. कोपऱ्यातल्या जमिनीवर पाय दाबा, मऊ लागली तर सरळ पुढच्या डीलरकडे. कपाटं उघडून वास घ्या. नवी घेतली तरी छताचं आणि खिडक्यांचं सीलंट दर काही महिन्यांनी तपासणं मस्ट.

थोडक्यात काय, बजेट कमी आणि हाताने दुरुस्ती करायची हौस असेल तर पत्रा. फॅमिली मोठी आणि ट्रेलर छपराखाली ठेवायची सोय असेल तर लॅमिनेटेड. दोघंच असाल, गाडी छोटी असेल, तर डोळे मिटून अंडं. आणि डीलरकडे शक्यतो पाऊस पडून गेल्यावरच जा. ट्रेलर गळतोय का, हे पावसाइतकं खरं दुसरं कोण सांगणार?