शाहूपुरीचा रविवार

कोल्हापूरची सकाळ अंबाबाईच्या काकड आरतीने आणि तालमीतल्या शड्डूंनी उजाडते. रविवारी न्यू शाहूपुरीत या आवाजांना आणखी एक सूर येऊन मिळतो. वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये पेटीचा भाता हलू लागतो, तबल्यावर थाप पडते आणि अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताचं भजन सुरू होतं. बाहेर स्टँडकडे धावणाऱ्या रिक्षा, आत डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या आणि शब्बाथ शाळेतून नुकतीच सुटलेली मुलं. पायरीशी भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "सलाम, काका", "सलाम, मावशी". या दोन शब्दांत आठवड्याची चौकशी होऊन जाते.

चर्च ज्यांच्या नावाचं, ते अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर पत्नी एलायझासह १८५२ साली कोल्हापुरात आले. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, नवा राजवाडा नव्हता, शाहू महाराजांचा जन्मही व्हायचा होता. वायल्डरांनी शाळा काढल्या, रस्त्यात उभं राहून उपदेश केला, लोकांचा विरोध सोसला. १८७० मध्ये इथलं काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली याच गावात जन्मला. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथल्या शिबिरात त्याच्या प्रेरणेने शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेला जाण्याची तयारी दाखवली, आणि त्यातून जगभर पसरलेली विद्यार्थी चळवळ उभी राहिली. आमच्या मातीत रांगलेल्या पोराने एवढं केलं, याचा मला अभिमान वाटतो.

तरी चर्च उभं राहतं ते मंडळीवर. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्यातल्या कित्येकांना सोयरे तुटले, पाणवठा तुटला. त्यांना पाळकाच्या घरचा चहा आणि शेजारच्या बाकावरचा माणूस हेच गणगोत झालं. त्यांच्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेलं रुग्णसेवेचं काम असो की कोल्हापूरचं मेरी वॉन्लेस हॉस्पिटल, रात्रपाळीला जागणाऱ्या बायांमध्ये अशा घरांतल्या कितीतरी होत्या. त्यांच्या हातून पाणी प्यायलेल्या रुग्णांनी त्यांची जात विचारली नसेल. तहान लागल्यावर माणूस ती विचारत नाही.

आणि ही मंडळी मराठीच राहिली. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं 'उपासना संगीत' या पुस्तकातून तिच्या ओठी आली. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कोकणच्या कवीने ख्रिस्ताला तुकोबांच्या वाटेने गाठलं, म्हणून ही गाणी आम्हांला परकी वाटत नाहीत. त्याच १८९५ सालात शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि ती गुळासाठी नावाजली. उपकारस्तुतीच्या उपासनेला वेदीपुढे ऊस, जोंधळ्याची कणसं, भोपळे आणि गुळाची ढेप मांडलेली पाहिली की शेत, पेठ आणि प्रार्थना एकाच ओळीत उभी आहेत असं वाटतं. मग लिलाव होतो. दहा रुपयांचा भोपळा हसतखेळत दोनशेला जातो आणि ते पैसे गरजूंच्या कामी लागतात.

नाताळात दारी चांदणी लागते, रात्री तरुण पोरं घरोघर गाणी म्हणत फिरतात आणि स्वयंपाकघरात करंज्या, चकल्या, लाडू तयार होतात. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा असतोच. फराळाचं ताट रुमालाखाली झाकून शेजाऱ्यांकडे जातं. दिवाळीत ते भरून परत आलेलं असतंच.

पण ज्यांना हे सारं तोंडपाठ आहे त्या आज्या आता थोड्या उरल्या आहेत. कोणती चाल कुणी बसवली, कुणाचं घराणं कुठल्या खेड्यातून आलं, पहिल्या परिचारिका कोण, हे त्यांच्यासोबत जाऊ देऊ नये. मंडळीतल्या तरुणांनो, त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून काढा. जुन्या वह्या आणि फोटो नीट जपून ठेवा. आणि कोल्हापूरकरांनो, तुमच्या शहराच्या इतिहासाचा दीडशेहून अधिक वर्षांचा हा भाग तुमचाही आहे. एखाद्या रविवारी आत या, मागच्या बाकावर बसा. भजन मराठीतच असतं, तुम्हांलाही म्हणता येईल.