गवत्या आणि हिरवा खेकडा

चंद्रपुरात घरात समुद्र पाळणाऱ्याला येणारे-जाणारे दोन प्रश्न विचारतात. पहिला, एवढं खारं पाणी आणता कुठून? त्याचं उत्तर सोपं आहे. आरओचं पाणी, त्यात पुड्यातलं समुद्री मीठ, लिटरला पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या हिशोबानं, आणि घनता 1.025 वर आली की झालं. दुसरा प्रश्न दगडांवरच्या हिरव्या केसांकडे बोट दाखवून येतो: शेवाळ खाणारे खेकडे मिळतात म्हणे, टाकत का नाही? याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

दुकानदार दोन प्रकार सुचवतात. एक हिरवा, चपट्या पाठीचा एमराल्ड. हा मूळचा कॅरिबियन समुद्रातला. काचेच्या मण्यांसारखे फुगे धरणारं जे शेवाळ असतं, ते खाण्यासाठी तो नावाजलेला आहे. दुसरा हर्मिट, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा छोटा खेकडा. निळ्या पायांचा, लाल पायांचा. दोघांनाही ‘सफाई कामगार’ म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. कामगाराला काम नेमून देता येतं. खेकडा शेवाळ खातो हे खरं, पण तो सर्वभक्षी आहे. उरलेलं मासळीचं खाद्य मिळालं की शेवाळ राहून जातं. एमराल्ड मोठा झाला की रात्री झोपलेल्या लहान माशावरही नांगी चालवतो. हर्मिट वाढतो तसा त्याला मोठा शंख लागतो आणि जवळ रिकामा शंख नसेल तर तो जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख घालतो. म्हणजे शेवाळासाठी आणलेल्या गोगलगायी शेवाळासाठीच आणलेल्या हर्मिटच्या तोंडी जातात.

इथल्या माणसाला खेकड्याची ओळख वेगळी आहे. धानाच्या बांधात बीळ करणारा, पहिल्या पावसात बाहेर निघणारा, रश्श्यात जाणारा. बांध फुटला की पहिला संशय त्याच्यावरच. (2019 मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनीही त्याच्यावरच खापर फोडलं होतं.) काम सांगून खेकडा घरात आणायचा, ही कल्पनाच आमच्याकडे जरा गमतीची वाटते.

तरी खेकडे का टाकत नाही, या प्रश्नाचं खरं उत्तर मला सापडलं ते तलावांच्या पाळीवर. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात गावोगाव मामा तलाव आहेत. माजी मालगुजारी, म्हणून मामा. मालगुजारी संपल्यावर 1950 नंतर ते सरकारकडे गेले. देखभाल ढिली पडली, गाळ साचला, काठावर बेशरम नावाचं झुडूप माजलं. तलावात गवत वाढलं की उपाय म्हणून ‘गवत्या’ सोडायचा, म्हणजे ग्रास कार्प. हा चीनकडचा मासा 1959 मध्ये हाँगकाँगहून भारतात आणला गेला. झपाट्यानं वाढतो, वजन भरतं, आणि गवत खातो. मच्छीमार सोसायटीच्या हिशोबात याच्याइतका गुणी मासा नाही.

सिंदेवाहीकडच्या एका म्हाताऱ्या धीवराला मी गवत्याबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला, “खाते जी, पन कवळं कवळं खाते. बेशरम त्याच्या बापालाबी खाववत नाई.”

नेमकी गोम हीच. गवत्या पाण्यातल्या मऊ वनस्पती आधी संपवतो. त्याच वनस्पतींत देशी मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात. चिवट, नको असलेलं झुडूप तसंच उभं राहतं. जवळच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव भागात, धीवरांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीनं उलटा रस्ता धरला. बेशरम हातानं उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. खाणारा आणण्याऐवजी त्यांनी उगवणाऱ्याकडे पाहिलं. माझ्या टाकीला हाच प्रश्न लावायला हवा होता: हे शेवाळ खातंय काय?

ते जगतं उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट यांवर. नायट्रेट-फॉस्फेट बहुतेक माझ्याच हातून जातं, चिमटीतल्या खाद्यातून. खेकड्यानं शेवाळ खाल्लं तरी ते टाकीबाहेर जात नाही, विष्ठा होऊन त्याच पाण्यात राहतं आणि पुढच्या शेवाळाला खत होतं. ब्रशनं खरवडून, नळीनं ओढून मी जे बादलीत काढतो, तेवढंच खरोखर बाहेर जातं. म्हणून आता खालच्या डब्यात मुद्दाम शेवाळ वाढवतो. कीटोमॉर्फा नावाचं, तारेच्या घासणीसारखं गुंतलेलं. त्यावर रात्री दिवा चालू ठेवायचा आणि वाढलं की मूठभर उपटून टाकायचं. वरच्या दगडांवरच्या शेवाळाचं अन्न ते आधीच ओढून घेतं.

दगडही इथे कारण आहेत. 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ मी घेत नाही. वनविभागाच्या जिल्ह्यात राहून तर नाहीच नाही. कोरडा दगड वापरला की तो सुरुवातीला मोकळा असतो आणि मोकळ्या जागेवर पहिला ताबा शेवाळाचा. नळाचं पाणीही नडतं. त्यातलं सिलिकेट तपकिरी थराला पोसतं. गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर उभे आहेत, ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेली. त्यामुळे अधूनमधून वाटतं, समुद्र मी चंद्रपुरात आणला नाही, उशिरानं परत आणला. पण म्हणून बोअरचं पाणी टाकीत चालत नाही.

आणि मे महिना. बाहेर सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंश, घरात कूलर. टाकीचं पाणी सव्वीसच्या आसपास राखायचं तर चिलर लागतो आणि लाइट गेली की जीव टांगणीला. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं, खारटपणा चढतो. रोज गोडं पाणी घालावं लागतं. खेकडा आणि गोगलगाय यांना हा चढउतार माशापेक्षा जास्त झोंबतो. शिवाय माशांना पांढरे ठिपके आले तर जे तांब्याचं औषध देतात, ते या दोघांना विषच. खेकडे आणले की तो इलाज मुख्य टाकीत कायमचा बंद, आजारी माशासाठी दुसरी टाकी मांडावी लागते. हा खर्च दुकानदाराच्या पावतीवर नसतो.

एमराल्ड मी आणणार नाही, हे ठरलं. फुग्यांचं शेवाळ माझ्याकडे नाहीच, आणि केसांसारख्या शेवाळासाठी त्याला लहान गोबी माशाजवळ सोडण्यात शहाणपण दिसत नाही. हर्मिटवरचं मन अजून पुरतं उडालेलं नाही. आणलेच तर दोन-तीन, लहान जातीचे, आणि त्यांच्या आधी निरनिराळ्या मापांचे रिकामे शंख टाकीत पडलेले असतील. शेवाळासाठी नव्हे, दगडांच्या खाचांत अडकलेलं खाद्य वेचायला. मागवायचे ते मात्र पावसाळा लागल्यावर. चेन्नईची गाडी बल्लारशाला थांबते तेव्हा मे महिन्यातल्या फलाटावर थर्मोकोलच्या डब्यातलं पाणी किती तापलेलं असेल, ते सांगायला थर्मामीटर लागत नाही.