ढग असतील तर ‘ढग’

सूर्यावर ज्वाला भडकताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. ते पाहणं ज्यांच्यामुळे जमलं, त्यांचं देणं माझ्याच्यानं फिटायचं नाही. ते आमचे अलिबागचे शेजारी. सगळी आळी त्यांना अप्पा म्हणायची, मीही अप्पाच म्हणते. नोकरी तिथल्या चुंबकीय वेधशाळेत. वेधशाळा म्हटली की लोकांना पाऊस आठवतो, त्यामुळे मे महिना सरत आला की येणारा-जाणारा त्यांना हटकायचा, “काय अप्पा, यंदा कसा?” अप्पा न कंटाळता सांगायचे, “अहो, पावसाचं खातं वेगळं. आम्ही पृथ्वीचं चुंबकत्व मोजतो.” आणि विचारणारा थांबलाच, तर त्याला पुढचंही सगळं सांगायचे. मी अशीच एकदा थांबले.

ही वेधशाळा मूळची मुंबईतली, कुलाब्याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येण्याची बोलणी सुरू झाली. ट्रामच्या विजेनं चुंबकसुई हलणार आणि इतक्या वर्षांची नोंद नासणार, हे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागला जागा शोधली, लोखंड टाळून इमारत उभारली आणि १९०४ साली काम सुरू केलं. ट्राम धावली १९०७ साली. मधली दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी वेध घेतले गेले, कारण जुनी मालिका नव्या मालिकेला नीट सांधायची होती. अप्पांना मूस यांच्या साऱ्या कामात या दोन वर्षांचं सगळ्यात अप्रूप. “दोन वर्षं दुप्पट काम केलं माणसांनी,” ते म्हणायचे, “का, तर शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला सांधा बोचू नये.”

अप्पांच्या वेळी काम फोटोच्या कागदावर चाले. अंधाऱ्या खोलीत बारीक धाग्याला टांगलेला चुंबक, त्याला चिकटवलेला इवलासा आरसा, आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका आणि तो झेलणारा, सावकाश फिरणारा कागद. चुंबक केसभर हलला की ठिपका सरकायचा. दिवसाकाठी एक कागद निघायचा, धुतला जायचा, वाळायचा. शांत दिवशी रेषा सपाट, दुपारच्या सुमाराला मात्र हलका उंचवटा, तो सूर्याच्या रोजच्या उन्हाचा. आणि क्वचित कधी भर दिवसा त्या रेषेला मध्येच एक बारीक आकडा पडलेला असे. अप्पांनी एकदा कोऱ्या कागदावर तो पेन्सिलीनं काढून दाखवला. सूर्यावर मोठी ज्वाला भडकली की तिचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत इथं पोचतात, वातावरणाच्या वरच्या थरातले विद्युतप्रवाह एकदम वाढतात आणि अलिबागच्या बंद, काळोख्या खोलीतला चुंबक दचकतो. जिथं उजेडाचा कवडसा शिरत नाही तिथं सूर्य असा नोंदला जातो, हे ऐकून मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसले होते. तेव्हा मी नववीत होते.

पुढच्या रविवारी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. अडीच इंची भिंगाची दुर्बीण, लाकडी तिकाटणं, आणि नेत्रिकेमागे वीतभर अंतरावर फळीला टाचलेला पांढरा कागद. दुर्बिणीत डोळा घालायचा नाही, हा पहिला नियम. तो सांगण्याआधी त्यांनी नेत्रिकेसमोर वाळलेलं पिंपळपान धरलं. क्षणात भोक पडलं, धूर निघाला. पान माझ्या हातात देऊन म्हणाले, “हे वहीत ठेव.” दुसरा नियम नेत्रिकेचा. चिकटवलेल्या भिंगांची चांगली नेत्रिका उन्हानं खराब होते, म्हणून जुनी, साधी, सुट्या भिंगांचीच लावायची. मग कागदावर सूर्य उतरला, बशीएवढा, कडेला किंचित मंद, आणि त्यावर काजळाचे कण सांडावेत तसे डाग. फळी हलवून पाहिली, डाग हलले नाहीत. दुर्बीण हलवली, डाग सूर्याबरोबर सरकले. धूळ कुठली आणि सूर्य कुठला हे असं ओळखायचं.

गट मोजायचे, मग सुटे डाग मोजायचे. गटांची दहापट अधिक डागांची संख्या, ही झूरिचच्या रुडॉल्फ वुल्फची जुनी रीत. तारीख, वेळ, हवा, गट, डाग असे रकाने आखलेली वही. आणि रकान्यांचा एकच कायदा. “रिकामं घर सोडायचं नाही. डाग नसतील तर शून्य लिही. ढग असतील तर ‘ढग’ लिही. बघायला आलीच नाहीस, तर ‘बघितलं नाही’ असं लिही. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, अगं. वाचणाऱ्याला त्या वेगळ्या कळल्या पाहिजेत.” गणिताची शिक्षिका म्हणून मी पुढे आयुष्यभर मुलांना शून्य शिकवलं, ते या गच्चीवर शिकलेलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये, १३ मार्च १९८९ला, मोठं चुंबकीय वादळ झालं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वीज गेली, साठ लाख माणसं नऊ तास अंधारात होती. अप्पा त्या दोन दिवसांत घरी झोपायलाच काय ते आले. काकू डबा घेऊन वेधशाळेच्या फाटकापर्यंत जायच्या. परतल्यावर अप्पांनी सांगितलं ते वादळाबद्दल कमी आणि कागद वेळच्या वेळी बदलण्याबद्दल जास्त. रेषा इतकी धावत होती की एका कागदावर तीन दिवसांची गुंतागुंत झाल्यासारखी दिसत होती, आणि अशा वेळी घड्याळाची खूण चुकली तर सगळं वाया. सूर्यावरच्या उद्रेकाची गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकली ती अशी, घड्याळाच्या खुणेपासून.

कुलाब्याची गोष्टही तशीच. १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याचे डाग काढत बसला होता. त्याच्यादेखत डागांच्या गटावर लख्ख पांढरा उजेड पेटला आणि पाचेक मिनिटांत विझला. रिचर्ड हॉजसन यानंही तोच उजेड वेगळ्या ठिकाणाहून पाहिला. माणसानं नोंदलेली ही पहिली सौरज्वाला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ धडकलं. तारायंत्रं बंद पडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. त्या दिवशी कुलाब्याला माणसं डोळ्यांनी सुई वाचत होती. एरवी तासाला एक वाचन, सुई बिथरली की पंधरा मिनिटांनी, आणखी बिथरली की पाच मिनिटांनी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सोळाशे नॅनोटेस्लांनी कोसळला, तो आकडा या वाचनांत आहे. २००३ साली गुरबक्ष लाखिना, ब्रूस त्सुरुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या नोंदी काढून अभ्यासल्या, तेव्हा त्या महावादळाचं मोजमाप जगाला मिळालं. टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी याच कुलाब्याच्या वेधशाळेत वेध घेत, वादळाच्या आधीच ते पुण्याला गेले होते. १८५९च्या त्या वाचनांमागचे हात कुणाचे, ते आपल्या तोंडी राहिलेलं नाही. त्यांचंही देणं मी अप्पांच्याच खात्यात मांडते, कारण मला त्यांची ओळख अप्पांनी करून दिली.

लग्नानंतर मी पुण्याला आले. साठवलेल्या पैशांतून हायड्रोजनच्या लाल प्रकाशात सूर्य दाखवणारी छोटी दुर्बीण घेतली. अप्पांच्या कागदावर डाग दिसत. इथं डागांच्या वरचं वातावरण दिसतं, कडेवर उठलेल्या कमानी दिसतात, चकतीवर काळ्या दोऱ्यांसारखे पसरलेले वायूचे पट्टे दिसतात. हजार वेळा पाहावं आणि काहीच घडू नये, असा हा उद्योग आहे. मला तो कधी जड गेला नाही.

मे २०२४मध्ये सूर्यावर ३६६४ क्रमांकाचा गट आला. पृथ्वीचा व्यास पंधरा वेळा मावेल एवढा लांब. ग्रहणाच्या चष्म्यातूनही दिसत होता. १० मे रोजी, दुपारी बाराच्या सुमाराला, पुण्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर, आणि मी मान वाकडी करून गच्चीवर. गटाच्या मध्यावर एक ठिपका उजळला. मग त्याच्यापासून दोन वळणदार पट्टे फुटले आणि समोरासमोर पसरत गेले. पीळ पडलेल्या चुंबकीय रेषा तुटून नव्यानं जुळतात आणि साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. दिसताना ते सावकाश, जवळजवळ शांतपणे दिसतं, आणि हात मात्र थरथरतो. नंतर कळलं, एक्स ३.९ दर्जाची ज्वाला होती ती.

अप्पा आता लेकीकडे ठाण्याला असतात. दृष्टी अधू झाली आहे, आवाज तोच. मी गच्चीवरूनच फोन लावला. “अप्पा, पेटलीय!” त्यांनी विचारलं, “सुरुवात किती वाजता? घड्याळ बघितलंस ना?” मी वेळ सांगितली. “मग आता बोलत बसू नकोस. शिगेला कधी पोचते ते लिही.” आणि फोन ठेवला.

त्या रात्री वादळ आलं. ते दुपारच्या ज्वालेचं नव्हतं, ज्वालेबरोबर सुटलेलं द्रव्य एवढ्या लवकर पोचत नाही. आधीच्या दोन दिवसांत त्याच गटातून एकामागून एक सुटलेले द्रव्याचे लोट एकत्र येऊन धडकले होते. लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं. दुसऱ्या दिवशी मी उत्साहानं सांगितलं, वादळ मोजणारा जगभरचा निर्देशांक चारशे नॅनोटेस्लांच्या आसपास खाली गेला, म्हणजे कुलाब्याच्या पाव. अप्पांनी लगेच अडवलं. कुलाब्याचा आकडा एका ठिकाणचा, त्या क्षणाचा, आणि हा अनेक ठिकाणांची तासाभराची सरासरी. “असे शेजारी ठेवू नकोस त्यांना.”

सूर्याचे वेध घेणारं भारताचं यान आदित्य-एल१ उडालं तेही २ सप्टेंबरलाच, २०२३ साली, कुलाब्याच्या वादळाच्या तारखेला. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत घडली. हे सांगितलं तेव्हा अप्पा खूप हसले, मनापासून. मग म्हणाले, “आता ढगांचा रकाना नको.”

त्यांच्या वह्या त्यांनी माझ्याकडे सोपवल्या आहेत. मी त्या संगणकावर उतरवते, अडलं की रविवारी फोन करते. सध्या जून १९९१ चालू आहे. त्या पंधरवड्यात ६६५९ क्रमांकाच्या गटानं ज्वालांचा धडाका लावला होता, मोजणारी उपकरणंसुद्धा अपुरी पडावीत अशा. आणि कोकणात मृग लागला होता. अप्पांच्या पानावर ‘ढग’, ‘ढग’, ‘पाऊस’, ‘ढग’. मध्येच एका ओळीत सकाळी आठ पाच ते आठ आठ अशी वेळ, घाईनं काढलेला एक मोठा गट, आणि डागांच्या रकान्यात आकड्यापुढे प्रश्नचिन्ह. मी विचारलं, हे प्रश्नचिन्ह ठेवू की आकडा नुसता घेऊ?

“तीन मिनिटांत मोजून पुरं झालं नव्हतं,” अप्पा म्हणाले. “ते आहे तसंच ठेव.”