तळटिपा आधी वाचीन

कॉटन ग्रीन, मुंबई

प्रिय भाचीस,


चौथ्या वर्षाच्या प्रबंधाला मुंबईचा १९८२ चा गिरणी संप घेतलास, छान केलंस. ‘चॅटजीपीटी वापरलं तर चालेल का?’ हा तुझा प्रश्न मात्र मला अपुरा वाटतो. वापरणार तर तू आहेसच. त्याच्यावर कोणतं काम सोपवायचं, हे ठरवायला हवं. माझं मत सांगतो : ज्याचं उत्तर तुला स्वतःला तपासता येईल, तेवढंच त्याला विचार.

असं का म्हणतो ते पाहा. पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज बांधत ही यंत्रणा वाक्य रचते. संदर्भाला ठरलेला घाट असतो : आडनाव, साल, नियतकालिक, पृष्ठं. तो घाट तिला उत्तम जमतो. आतला मजकूर खरा असेल याची हमी नसते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले असेच सहा न्यायनिवाडे कोर्टापुढे ठेवले. ते कुठे अस्तित्वातच नव्हते, आणि ५,००० डॉलर दंड झाला. इतक्या लांब कशाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे कुठे सापडेनात. कोर्टात समोर निदान दुसऱ्या बाजूचा वकील असतो. पदवीच्या प्रबंधातली तळटीप उघडून पाहणारं बहुधा कुणी नसतं, म्हणून तो भार लिहिणाऱ्यावरच येतो.

कॉलेजचे नियम हा भार उचलतील, या भरवशावर राहू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली मजकुरातलं साम्य मोजते : १० टक्क्यांपर्यंत माफ, त्यापुढे चढत्या शिक्षा, ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. पण कुठेच नसलेल्या लेखाचं साम्य कशाशी निघणार? पूर्ण बनावट संदर्भ या चाळणीतून सुखरूप बाहेर पडतो. यंत्राने लिहिलेलं ओळखणारी साधनंही लंगडी आहेत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्राच्या नावावर टाकले. म्हणजे लबाडी करणारा सुटेल आणि तुझ्यासारखी मराठी माध्यमातली मुलगी अडकेल, हे अगदी शक्य आहे. टिपणं आणि कच्चे मसुदे तारखांसह जपून ठेव, ते याचसाठी.

आता तुझ्या विषयाकडे वळू. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, डॉ. दत्ता सामंत नेते होते, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, हे कुठलंही यंत्र सांगेल. ‘संप कधी मिटला?’ असं विचारलंस तर एखादी ठाम तारीखही देईल. पण तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. कुणी परत कामावर गेलं, कुणी गावी गेलं, काही गिरण्या उघडल्याच नाहीत. तुझा प्रबंध या न संपलेल्या संपाबद्दलच असायला हवा, आणि नेमकी हीच जागा गुळगुळीत वाक्य बुजवून टाकतं. त्यातून गिरणगावाचं, म्हणजे गिरण्यांच्या वस्तीचं, बरंचसं लिखाण अजून कागदावरच आहे : मराठी दैनिकांचे जुने अंक, युनियनची पत्रकं. उरलेलं लोकांच्या आठवणींत आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ च्या पुस्तकात गिरणगावातल्या शंभर जणांचं बोलणं नोंदवलं, कारण ते दुसरीकडे कुठे लिहिलेलं नव्हतं. तिथे दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार यांना पर्याय नाही.

‘इंग्रजी कच्चं असलेल्याने मग मागेच राहायचं का?’ असं तू विचारशील. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. मराठीत लिहिलेला तुझा परिच्छेद इंग्रजीत करून घे, व्याकरण सुधारून घे, एखादा जड इंग्रजी लेख समजावून घे. मूळ मजकूर हाताशी असल्यावर चूक तुला दिसू शकते. पण काळाचौकीतल्या एखाद्या निवृत्त कामगाराने विश्वासाने दिलेली मुलाखत, त्याच्या नावासकट, त्याला न विचारता चॅटजीपीटीवर चढवू नकोस. तुझ्या सोयीसाठी त्याची संमती गृहीत धरता येत नाही.

राहिला प्रश्न कबुलीचा. वापर केल्याचं लिहिलं तर गुण कापतील, अशी भीती मुलांना वाटते. काही ठिकाणी ती खरीही असेल. तरी प्रस्तावनेत दोन ओळी घाल : काय करून घेतलं, कुठे, आणि ते कसं तपासलं. गुण कापले तर तो मार्गदर्शकाचा दोष, तुझा नाही. सगळेच वापरतात आणि कुणीच सांगत नाही, ही आजची रीत मला तरी कॉपीपेक्षा वाईट वाटते.

पहिल्या प्रकरणाचा मसुदा झाला की पाठव, मजकूर अर्धा असला तरी चालेल. तळटिपा मात्र पूर्ण हव्यात. मी आधी त्याच वाचीन.

तुझा,
मामा