ट्रॉलीवरची ‘पद्मावती’

डीजेवाल्या जयंतीला नावं ठेवणं सोपं आहे. आम्हीही ठेवत आलो. समाजशास्त्रात एम.ए. केलं, चार ठिकाणी भाषणं केली, तेव्हा ‘नाचून नव्हे, वाचून जयंती साजरी करा’ हे वाक्य आमच्याही तोंडात बसलेलं होतं.

एका उन्हाळ्यात उमापूरच्या विहारात जयंतीची बैठक बसली. तिथं आम्ही प्रस्ताव मांडला. डीजे नको. वर्गणीतून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ‘पद्मावती’ बोटीचा देखावा उभा करू आणि मुख्य रस्त्यावर पाणपोई लावू.

“बाबासाहेब बोटीनं विलायतेला गेले, ते माहीतंय. ही पद्मावती कोणती?” एका मावशीनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. महाडचं पाणी आपण सगळे सांगतो, महाडची तयारी कुणी सांगत नाही. मार्च १९२७ च्या परिषदेला जमलेल्या माणसांसाठी पिण्याचं पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं होतं. २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी पिऊन आलेल्या आपल्या लोकांवर मंडपात हल्ला झाला, शिजवलेलं अन्न मातीत गेलं. डिसेंबरच्या सत्याग्रहाला सवर्णांपैकी कुणी जागा देईना, ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. दुकानदार माल देईनात, म्हणून धान्य बाहेरून आणलं. धरमतरचे मोटारमालक ऐनवेळी नकार देतील या शंकेनं बाबासाहेब २४ डिसेंबरला दोनशेवर माणसं घेऊन मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरावर उतरले. तिथं तीन हजारांच्या आसपास सत्याग्रही वाट पाहत होते. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. ज्या खड्ड्यात ती जळाली, तोही कुणीतरी खणलाच होता.

गोष्ट सगळ्यांना आवडली. पण कारखान्याचा पट्टा पडल्यावर नुकताच गावी परतलेला एक पोरगा उठला. “दादा, दसऱ्यापासून कोपीत राहिलोय. रात्री दोनला उठून मोळ्या वाहिल्यात. एक दिवस नाचलो तर बाबासाहेब रागावतील का?”

आम्ही गप्प झालो. बीडच्या ऊसतोड टोळ्या, मुकादमाची उचल, पोरांची सुटलेली शाळा यावर आम्ही लेख लिहितो. आणि त्याच माणसाच्या एका दिवसाच्या आनंदाचा हिशेब मांडायला आम्हीच बसलो होतो. सहा महिने त्याला गावात राहून वाचायला कुणी दिलं होतं?

शेवटी ठरलं, बोट पुढं, डीजे मागं, दहाच्या आत बंद. आम्हाला ते अजूनही पूर्ण पटलेलं नाही. त्या भाड्यात विहारातल्या अभ्यासिकेला बरीच पुस्तकं आली असती. पण ‘बंदच करा’ असं पुन्हा आमच्या तोंडून निघालं नाही.

देखाव्याचं काम तीन रात्री चाललं. बांबू, जुनी पोती, वर रंगवलेला पुठ्ठा. आम्हा पदवीधरांनी मारलेल्या गाठी दोनदा सुटल्या आणि बोटीचा पुढचा भाग खाली आला. मग तो पोरगा आणि त्याची आई पुढं झाली. उसाची मोळी आवळतात तशी त्यांनी गाठ आवळली, ती मिरवणूक संपेपर्यंत हलली नाही. वस्तीतल्या लहान पोरांनी बोट कधी पाहिली नव्हती. जायकवाडीचा उजवा कालवा आपल्या गेवराई तालुक्यातून माजलगाव धरणाकडं जातो. उन्हाळी आवर्तनात तो भरून वाहतो, तेवढंच त्यांना ठाऊक असलेलं मोठं पाणी. “ही कालव्यात सोडली तर मुंबईला जाईल का?” एकानं विचारलं.

पाणपोईचे माठ बायांनी पहाटेच भरले होते. फलकावर स्वयंसेवकांची अकरा नावं होती, सगळी पुरुषांची. यादी आम्हीच लिहिली होती, चूक आमचीच. पहिला तासभर फक्त आपलेच लोक पाणी पीत होते. मग एसटीतून उतरलेले प्रवासी प्याले, शाळेतली पोरं प्याली. गावातले एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांनी ग्लास घेतला, फलक वाचला, त्या पाण्यानं तोंड धुतलं आणि न पिताच निघून गेले. माठाजवळच्या मावशीनं ते पाहिलं. तिनं ग्लास विसळला आणि पुढच्याला भरून दिला.